परत येण्याचा पुरावा

परदेशात जाऊन तिथेच राहून जायचा बेत मनात असलेला माणूस कसा दिसतो, ते मला सांगता येणार नाही. पण ज्याच्या मनात हा बेत सात जन्मांत येणार नाही, असा माणूस मी अगदी जवळून पाहिला आहे. ते आमचे भावोजी. महाबळेश्वरला गेले तर दुसऱ्या दिवशी दुपारीच ते परतीच्या एसटीच्या वेळा विचारायला लागतात. कुठल्याही गावी पोचल्यावर त्यांचा पहिला फोन दूधवाल्याला असतो : 'परवापासून एक लिटर चालू कर.' दुसऱ्याच्या उशीवर त्यांना झोप लागत नाही, हॉटेलच्या आमटीत त्यांना आमसूल सापडत नाही, आणि घराबाहेरच्या चहाबद्दल त्यांच्यासमोर बोलूच नये. अशा माणसाला ताईने निवृत्तीनंतर स्वित्झर्लंड दाखवायचं ठरवलं, आणि स्वित्झर्लंडने त्यांना लेखी विचारलं, की तुम्ही परत जाल याला पुरावा काय?

इतक्या उघडपणे अर्थातच कोणी विचारत नाही. हा प्रश्न कागदपत्रांच्या यादीत जिरवलेला असतो. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, तीन वर्षांची आयकराची विवरणपत्रं, जाण्यायेण्याचं तिकीट, कुठल्या रात्री कुठे मुक्काम त्याचा तारीखवार तक्ता, नोकरी असेल तर रजा मंजूर झाल्याचं साहेबाचं पत्र. शिवाय किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा, आणि त्या विम्यात आजारपणाबरोबरच, प्रवासी मेला तर देह मायदेशी धाडण्याचा खर्चही धरलेला हवा. भावोजींनी हे कलम दोनदा वाचलं. 'म्हणजे मेलो तरी ठेवून घेणार नाहीत,' ते म्हणाले. त्या देशाबद्दल त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच थोडा आदर होता.

साहेबाच्या पत्राशी घोडं अडलं. निवृत्त माणसाने साहेब आणायचा कुठून? ताई म्हणाली, 'मी देते लिहून. रजा मंजूर.' शेवटी पेन्शनचे कागद लावायचे ठरले आणि सोबत ते सुप्रसिद्ध पत्र, ज्यात आपण कशाला जातोय आणि परत का येणार हे अर्जदाराने आपल्या शब्दांत सांगायचं असतं. बाकीचे लोक अशा पत्रात बर्फाच्छादित शिखरांची ओढ वगैरे लिहितात आणि भारतात घरदार असल्याचं शेवटच्या ओळीत उरकतात. भावोजींनी उलटं केलं. स्वित्झर्लंडला एक ओळ दिली, 'पत्नीच्या इच्छेवरून', आणि परतण्याच्या कारणांना पावणेदोन पानं. घरी दीड दिवसाचा गणपती असतो आणि मोदकांची उकड मीच काढतो. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर घ्यावीच लागते आणि टाकीच्या दुरुस्तीचा हिशेब माझ्याकडे आहे. नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो हल्ली मोबाइलवरूनही देता येतो म्हणतात, पण आपण जिवंत आहोत याची खात्री मी बँकेतल्या माणसासमोर बसूनच करून घेतो. पत्राचं इंग्रजी करताना भाचीने हयातीचं कलम गाळलं. भावोजींच्या मते फाइलमधला तोच सगळ्यांत भक्कम कागद होता.

मजा म्हणजे, ज्या व्हिसापायी हे सगळं चाललं होतं तो सीमा पुसून टाकण्याच्या हौसेतून जन्माला आलेला आहे. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावापाशी, मोझेल नदीवर, 'प्रिन्सेस मारी-आस्त्रिद' नावाच्या बोटीत बसून फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी सह्या केल्या : आपापसातले नाके काढून टाकायचे. आज त्या करारात २९ देश आहेत. स्वित्झर्लंड २००८ मध्ये आलं. पोर्तुगालपासून पोलंडपर्यंत आता माणूस एरवी कुठे न थांबता जाऊ शकतो. काढून टाकलेल्या त्या सगळ्या नाक्यांवरचे फॉर्म गेले कुठे, हे मात्र आपल्याकडच्या व्हिसा केंद्राच्या रांगेत उभं राहिल्यावर कळतं. दहा बोटांचे ठसे द्यायचे, फोटो द्यायचा आणि फी भरायची. ती जून २०२४ पासून ९० युरो झाली, म्हणजे आपले आठ-नऊ हजार रुपये, आणि व्हिसा नाकारला तरी ते परत येत नाहीत. परत येण्याबद्दल इतके काटेकोर असलेले लोक पैशांच्या बाबतीत मात्र कमालीचे सैल आहेत, हे भावोजींनी केंद्रातल्या मुलीला ऐकवलं. तिने 'नेक्स्ट' म्हटलं.

भावोजींचे गोव्यातले एक मित्र या रांगेत कधीच उभे राहत नाहीत. गोवा मुक्त झाला त्या १९ डिसेंबर १९६१ च्या आधी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालमध्ये जन्माची नोंद करून तिथलं नागरिकत्व घेता येतं. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की भारतीय पासपोर्ट परत करायचा. आता या मित्राला लिस्बन, पॅरिस, व्हिएन्ना सगळं मोकळं आहे. म्हापशात राहण्यासाठी मात्र कार्ड काढावं लागलं.

अमेरिकेने तर संशय कायद्यातच घालून ठेवला आहे. तिथल्या १९५२ च्या कायद्याच्या एका कलमानुसार, पर्यटक म्हणून येऊ पाहणारा प्रत्येक जण कायमचा राहायलाच येतोय असं गृहीत धरायचं. तसं नाही हे त्याने अधिकाऱ्याला पटवायचं. आणि पटवायला वेळ किती, तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या त्या खिडकीसमोर दोन-तीन मिनिटं. एवढ्या वेळात आमच्याकडे साधं 'बसा, पाणी घेता का' होत नाही. म्हणून मग लोक हैदराबादजवळच्या चिलकूरच्या बालाजीला जातात. त्याचं नावच व्हिसा बालाजी पडलं आहे. मागणं मागताना ११ प्रदक्षिणा आणि काम झाल्यावर १०८, असा तिथला दर आहे. ताईने मात्र घरच्या गणपतीलाच सांगितलं. व्हिसा मिळू दे म्हणून ती हात जोडून उभी होती, तेव्हा शेजारी भावोजीही डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. ते नेमकं काय मागत होते, हे विचारायचं धाडस घरात कोणाला झालं नाही.

परतीचा प्रश्न आपल्याकडे तसा जुना. फक्त पूर्वी तो परदेश विचारत नसे, आपलेच लोक विचारत. अठराव्या शतकात राघोबादादांनी आपले वकील विलायतेला पाठवले. जाताना त्यांना कोणी अडवलं नाही. परत आले तेव्हा मात्र म्लेंच्छांच्या मुलखातून जाऊन आल्याबद्दल त्यांना जातीबाहेर ठेवलं, आणि शुद्ध करून घ्यायला सोन्याची योनी घडवून तिच्यातून त्यांना बाहेर काढलं, अशी हकिकत ईस्ट इंडिया कंपनीच्या एका अधिकाऱ्याने लिहून ठेवली आहे. म्हणजे नुसता शिक्का मारून भागलं नाही, जन्मदाखलाच नव्याने काढावा लागला. पुढे १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्यांच्याकडे कोणी व्हिसा मागितला नव्हता; पण निघण्याआधी सेरामपूरला भर सभेत उभं राहून आपण का जातोय, हिंदू म्हणूनच जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहू, हे त्यांना सांगावं लागलं. भावोजींच्या पत्राची ही पणजी. फरक इतकाच, की आनंदीबाईंना ते अठराव्या वर्षाच्या आत, इंग्रजीत आणि भाचीच्या मदतीशिवाय करावं लागलं.

पासपोर्टचं लोढणं माणसाच्या गळ्यात खऱ्या अर्थाने पडलं ते पहिल्या महायुद्धात. त्याचा पहिला मोठा झटका मराठी माणसाला बसला १९१८ मध्ये. होमरूलचं शिष्टमंडळ घेऊन लोकमान्य टिळक विलायतेला निघाले, कोलंबोपर्यंत पोचले, आणि तिथे कळलं की पासपोर्ट रद्द. मंडळी आल्या पावली माघारी. स्वराज्य आल्यावरही पासपोर्ट देणं-न देणं बरीच वर्षं सरकारच्या मर्जीवरच होतं. १९६७ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुनावल्यावर त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. पैशांचा न्याय तर आणखी उलटा. आज वकिलाती म्हणतात, खात्यात पैसे आहेत ते दाखवा. सत्तरच्या दशकात आपलंच सरकार म्हणायचं, आहेत ते इथे ठेवा आणि खिशात आठ डॉलर घेऊन जा. त्या आठ डॉलरवर अमेरिकेत उतरलेले लोक आज तिथे बंगले बांधून बसले आहेत आणि त्यांना भेटायला जाणाऱ्या भावांकडे सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागितलं जातं.

हे झालं व्हिसाचं. पण व्हिसा चिकटवायला आधी पासपोर्ट लागतो, आणि पासपोर्टला लागतो माणूस, तोसुद्धा सगळ्या कागदांवर एकच असलेला. इथे माझ्या आत्याचा अध्याय सुरू होतो.

आत्याला मेलबर्नला जायचं होतं, लेकीकडे. सातारा जिल्ह्यातल्या खेड्यात तिचा जन्म झाला तो नागपंचमीच्या दिवशी, धो धो पावसात. ओढ्याला पूर आल्यामुळे सुईण पलीकडेच अडकली होती, हे सगळ्या गावाला पाठ आहे. पासपोर्टवर जन्मतारीख आहे १ जून. आतोबांचीही १ जून. आत्याच्या दोन्ही भावांची १ जून. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीला शाळेतल्या गुरुजींनी जन्म दिला आहे. जूनमध्ये पट भरायचा, तारीख कोणाच्या बापाला आठवत नसायची, गुरुजी दप्तर उघडून सगळ्यांना एकाच दिवशी पृथ्वीवर आणायचे. ज्येष्ठ नागरिकांची एखादी टूर मे अखेरीस निघाली, तर चौथ्या-पाचव्या दिवशी अर्ध्या बसचा वाढदिवस निघतो आणि टूर मॅनेजर केक कोणाच्या हातून कापायचा या विवंचनेत पडतो. ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी आता नोंदणी झालेला जन्मदाखलाच लागतो, त्यामुळे गुरुजींचं हे खातं बंद झालं.

जन्मगावाचं तेच. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे उभा जन्म पुण्यात काढलेल्या माणसाच्या पासपोर्टवर असं गाव असतं, जिथे तो बारशानंतर गेलेला नाही. बरं, गाव मोठं असलं तर त्याचं नाव बदलतं. बॉम्बेत जन्मलेला माणूस १९९५ नंतर मुंबईकर झाला. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगरवाल्यांची पाळी अलीकडे आली. एका कागदावर जुनं, दुसऱ्यावर नवं. माणूस जागचा हललेला नसतो आणि तरी त्याने दोन गावांत जन्म घेतलेला असतो.

पण आत्याची खरी पंचाईत नावाने केली. शाळेच्या दाखल्यावर तिचं एक नाव, आणि लग्नात आतोबांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं दुसरं. पासपोर्टच्या खिडकीतल्या माणसाने नाव बदलल्याचा पुरावा मागितला. आता पुरावा काय द्यायचा? त्या दस्तऐवजाचा दुसऱ्या दिवशी भात झाला होता. लग्नाची नोंदणीही केलेली नव्हती. त्या काळी लग्न पाचशे माणसांनी जेवून नोंदवलं जायचं. मग चाळीसहून अधिक वर्षांनी आत्या-आतोबांनी नोंदणीचा अर्ज केला. त्यावर तीन साक्षीदार हवेत आणि लग्न लावलेल्या भटजींची माहितीही हवी. भटजी स्वर्गात, साक्षीदारांपैकी दोघे त्यांच्या मागोमाग गेलेले. उरलेल्या एका मामांना गुडघे धरधरून पहिल्या मजल्यावर चढवलं. कार्यालयात बसल्यावर त्यांनी आत्याकडे पाहून विचारलं, 'हिचं लग्न अजून व्हायचंय?'

नावाचं हे दुखणं विमानात चढेपर्यंत संपत नाही. आपल्याकडे स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. पासपोर्टमध्ये पहिली दोन एका रकान्यात जातात. त्यामुळे परदेशातल्या हॉटेलात भावोजींना त्यांच्या स्वर्गवासी वडिलांच्या नावासकट हाक मारतात आणि भावोजी दचकून उभे राहतात. तिकिटावर तर नावाच्या शेपटीला 'मिस्टर' नाहीतर 'मिसेस' इतकं घट्ट चिकटवून छापतात, की भलताच कोणी प्रवास करतोय असं वाटावं. आडनावच नसेल तर आणखी पंचाईत. संयुक्त अरब अमिरातीने २०२२ च्या नोव्हेंबरपासून पासपोर्टवर एकच नाव असलेल्या पर्यटकांना दारातच थांबवायला सुरुवात केली. आपल्याकडे संतमंडळी एका नावावर सगळा भूगोल पायी फिरली. दुबईला मात्र त्यांना कोणी उतरू दिलं नसतं.

फोटोबद्दल फार लिहीत नाही. ३५ मिलिमीटर रुंद, ४५ उंच, पांढरी पार्श्वभूमी, म्हणून पांढरा शर्ट नको. अमेरिकेला चौरस हवा आणि चष्मा नको. हसायचं कुठेच नाही. स्टुडिओवाला आठ प्रती देतो, लागतात दोन. बाकीच्या सहा कपाटात राहतात आणि त्यांतली एक पुढे कधीतरी वर्तमानपत्रात प्रथम पुण्यस्मरणाला कामी येते. कुटुंबाकडे तेवढा एकच गंभीर चेहरा शिल्लक असतो.

मुदतीचा हिशेब मात्र सांगण्यासारखा आहे. पासपोर्ट दहा वर्षांचा, पण बऱ्याच देशांना आत येताना त्यावर सहा महिने शिल्लक लागतात. शेंगेनवाल्यांचं गणित निराळं : तिथून बाहेर पडल्यावर तीन महिने शिल्लक हवेत, पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा आणि दोन पानं कोरी हवीत. भावोजींनी कागद-पेन्सिल घेतली. ३६ पानांच्या पासपोर्टला १५०० रुपये, म्हणजे वर्षाला १५०. शेवटचे सहा महिने वापरता येत नसतील तर ७५ रुपये सरकारकडे निघतात. त्यांनी तसा अर्ज तयारही केला होता. ताईने तो व्हिसाच्या फाइलमधून वेळेवर काढला म्हणून बरं.

मग पोलिसांची चौकशी. अर्जात ओळखीच्या दोघांची नावं द्यावी लागतात, पण चौकशीला आलेल्या हवालदाराला जिन्यात भेटले ते तिसरेच, ज्यांच्याशी भावोजींचं पार्किंगवरून तीन वर्षं बोलणं नाही. ते थांबले. त्यांनी चष्मा पुसला. माणूस चारित्र्याने कसा आहे, या प्रश्नावर त्यांनी इतका वेळ विचार केला की ताईने आत जाऊन चहा टाकला. 'सज्जन आहे,' ते शेवटी म्हणाले, 'स्कूटर आडवी लावतो.' हवालदाराच्या फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता. परत जाताना त्या शेजाऱ्यांनी वर पाहून विचारलं, 'किती दिवस जाताय?' आणि स्कूटरच्या जागेकडे एक नजर टाकली. भावोजी परत येतील की नाही याची खरी काळजी असलेला एवढा एकच माणूस मी पाहिला.

सगळेच देश असे अविश्वासू नाहीत. थायलंड आणि मलेशियाने २०२३ च्या अखेरीस भारतीयांना व्हिसाशिवाय यायला सांगितलं. थायलंडला आता आधी ऑनलाइन एक आगमनपत्रिका भरली की झालं. नेपाळला तर मतदार ओळखपत्रावर जाता येतं, पासपोर्ट लागतच नाही. भावोजींना हे पटत नाही. जिथे कोणी अडवत नाही तिथे पाहण्यासारखं काय असणार, असं त्यांचं मत आहे. त्यांना केनिया जास्त आवडलं, तेही न जाता. तिथल्या सफारीला जाणाऱ्याने प्रवासाआधी किमान दहा दिवस पिवळ्या तापाची लस घ्यायची असते, आणि दाखला नसेल तर परत आल्यावर आपलंच सरकार सहा दिवसांपर्यंत वेगळं काढून ठेवतं. 'बघ,' भावोजी ताईला म्हणाले, 'परत येणंही काही सोपं नसतं.'

एवढं सगळं करून माणूस तिथे पोचतो, आणि मग त्याच्या बॅगेची चौकशी सुरू होते. वकिलातीने माणसाबद्दल जे जे विचारायचं ठेवलं, ते सीमाशुल्कवाले लाडवांना विचारतात. दिवाळीत दुबईला लेकाकडे निघालेल्या किती आयांना ठाऊक असतं, की खसखस तिथे अमली पदार्थांत मोडते? सिंगापूरलाही तेच. म्हणजे अनारसे बाद. करंजीच्या सारणात खसखस भाजून घातली असेल तर करंजी बाद. आणि गोडा मसाला! दगडफूल, तीळ, धने, सुकं खोबरं, खसखस. सदाशिव पेठेत पिढ्यान्‌पिढ्या ज्याने कोणालाही झिंग आणली नाही, उलट जेवण झाल्यावर झोपच आणली, तो मसाला दुबईच्या विमानतळावर गुन्हेगार ठरतो. बरं, खसखस वगळली तरी सुटका नाही. सुकं खोबरं तेलकट. ते आपोआप पेट घेऊ शकतं म्हणून आपल्याच विमानतळावर मोठ्या बॅगेतून काढायला लावतात. चिवड्यातले खोबऱ्याचे काप वेचत बसलेली एक बाई मी मुंबई विमानतळावर पाहिली आहे. नवरा मोजत होता आणि ती वेचत होती. मागे रांग खोळंबली होती, पण रांगेत सगळे आपलेच, त्यामुळे दोघीतिघी मदतीला बसल्या.

ऑस्ट्रेलिया या बाबतीत सगळ्यांत कडक. तिथे खाण्याचा कुठलाही जिन्नस जाहीर करावा लागतो. लपवला तर जबर दंड. जाहीर केला तर फार तर जप्त होतो. आतेबहिणीने फोनवर आत्याला पढवून ठेवलं होतं : 'आई, शंका आली की होवर खूण कर.' शिवाय ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पासपोर्टवर चिकटवत नाहीत, नुसता ई-मेल येतो. शिक्का नाही, सही नाही, असल्या व्हिसावर आत्याचा विश्वास बसेना, म्हणून आतोबांनी त्याची छापील प्रत काढून लॅमिनेट करून आणली. ती गळ्यातल्या पिशवीत घालून आत्या विमानात बसली, आणि उतरण्याआधी वाटलेल्या कार्डावर तिने शंका येईल तिथे होवर खूण केली. कार्डावरच्या पहिल्याच प्रश्नात औषधं, बंदुका, शस्त्रं आणि अमली पदार्थ एकाच दमात विचारलेले असतात. आत्याकडे रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. हो. गेल्या महिन्याभरात शेतावर किंवा जनावरांजवळ गेला होतात का? गोठ्यातून निघूनच तर ती मुंबईला आली होती. हो.

त्यामुळे मेलबर्नला तिला बाजूच्या टेबलापाशी नेलं. अधिकारी तरुण होता, उंच, अतिशय नम्र. त्याने आधी शस्त्रांची चौकशी केली आणि आतोबांनी गोळ्यांची पट्टी वर धरली. मग बॅग उघडली. कढीपत्त्याची जुडी त्याने लगेच बाजूला काढली. मेतकूट त्याने वास घेऊन परत ठेवलं. शेवटी स्टीलचा डबा निघाला, त्यात साताऱ्याचे कंदी पेढे. दूध? दूध. भारतातलं? आत्याला प्रश्नच कळेना, दुसऱ्या कुठल्या दुधाचे पेढे होतात? त्याने जवळच्या फलकावरचं चित्र दाखवलं. भारतात जनावरांना लाळ्या-खुरकूत होतो, म्हणून तिकडच्या दुधाचे पदार्थ इकडे चालत नाहीत. आतोबांनी हे मराठीत सांगताच आत्याचा चेहरा बदलला. 'त्याला म्हणावं, आमच्या म्हशीला लस टोचलीय. कागद आहे घरी.'

पेढे एका पिवळ्या पिशवीत गेले. त्याबद्दल आत्याने फार वाद घातला नाही. लेकीने तशी मनाची तयारी करून घेतली होती. पण डबाही पिशवीकडे निघाला तेव्हा तिने तो दोन्ही हातांनी धरला. पेढे ठेव बाबा, डबा दे. अधिकारी इंग्रजीत काही समजावत होता, आत्या मराठीत काही समजावत होती, आणि डबा दोघांच्या मधे होता. अखेर तिने तो उलटा केला आणि बुडावर कोरलेली अक्षरं त्याच्यापुढे धरली : 'चि. सौ. कां.', त्यापुढे तिचं माहेरचं नाव, आणि खाली 'हिस मामाकडून सप्रेम भेट'. 'हे बघ,' ती म्हणाली, 'नाव आहे माझं.'

आतोबांनी घाईघाईने त्या नावावर हात ठेवला. 'अगं, ते नको दाखवूस,' ते कुजबुजले, 'पासपोर्टवर दुसरं आहे.'